खुन्याचं नाव कोणी घ्यायचं

११ नोव्हेंबर

रोज काय झालं ते लिहून ठेवा, असं गुंजननं सांगितलं म्हणून ही डायरी. राइस मिलवाल्यांनी मागच्या वर्षी दिली होती, कोरीच पडली होती. त्यांच्या तारखा खोडून माझ्या टाकते. गुंजन म्हणजे दवाखान्यातली पोरगी. बोलणं गेलेल्या माणसाला बोलायला शिकवते. माझी नात शोभेल एवढी दिसते, पण हात मऊ आहे तिचा.

झालं ते असं. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी हे आंघोळ करून आले. बनियान डोक्यातून घालता घालता खाली बसले. उजवा हात गेला, पाय गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. पाय आता ओढत का होईना टाकतात. बोलणं काही परतलं नाही. गुंजन म्हणते, समजते त्यांना सगळं, शब्द आत आहेत, दार अडकलं आहे. पहिल्या काही महिन्यांत जे येते ते येते, मग कठीण. म्हणजे होळीपर्यंत काय ते.

हे मिलमध्ये मिस्त्री होते. जन्मभर मशीनच्या आवाजावर आवाज काढून बोललेला माणूस. हळू बोलणं माहीतच नव्हतं. आता फुलचूरच्या ह्या घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येतो. त्याला आवाज आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

१४ नोव्हेंबर

गुंजननं चित्रं आणली. आंबा, गाय, गिलास. हे पाहतात आणि मान फिरवतात. तिसऱ्यांदा आंबा दाखवला तेव्हा डाव्या हातानं सगळी चित्रं खाली पाडली. मला रागही आला आणि बरंही वाटलं. ज्यानं मिलचा ढिला पट्टा नुसत्या आवाजावरून ओळखला त्याला कोणी आंबा विचारावा का?

जाताना ती म्हणाली, "आंटी, सबसे पहले अपना नाम आता है. रोज जवळ बसून नावानं हाक मारा. मनोहरलाल, मनोहरलाल. मग त्यांना म्हणायला लावा."

मी हो म्हटलं. हो म्हटलं, पण मारू कशी? लिहायला हरकत नाही, राशन कार्डावर लिहिलंच आहे. तोंडानं घ्यायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटते. खरं-खोटं देवाला माहीत. पण अशा वेळी कोणी पारखून पाहते का?

नीतूला म्हटलं तू घे. माझी सून आहे, नवऱ्याला खुशाल "टिकेश, गॅस बंद कर" म्हणते. पण हे ऐकून पदर नसताना पदर सावरायला लागली. "बाबाजींचं नाव? मी? नाही जी आई." टिकेश देवरीला बँकेत आहे, संध्याकाळच्या बसनं येतो. तो म्हणाला, बापाला नावानं हाक मारू का आता? मिलमधले केशोराव येतात ते मिस्त्रीच म्हणतात. सासू गेली, थोरले भाऊजी गेले.

म्हणजे ह्या घरात ह्यांना नावानं हाक मारील असं माणूसच उरलं नाही. आज लक्षात आलं.

२३ नोव्हेंबर

आज नवल झालं. नीतूनं जेवणं झाल्यावर टीव्हीवर जुना सिनेमा लावला. सुरुवातीलाच एका शेठचा खून. हे भिंतीकडे तोंड करून होते, ते वळले. शेवटपर्यंत बसले. उशी मागितली तीही खुणेनं, नजर न काढता.

ह्यांना पहिल्यापासून खुनाच्याच सिनेमाचं वेड. गाण्याचा सिनेमा लागला की बिडी ओढायला बाहेर. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथं रात्रभर व्हिडिओ लावायचे तेव्हा चार सिनेमांत एक तरी खुनाचा असला पाहिजे, नाही तर हे पैसे परत मागत. आणि दोष एकच. अर्ध्यात खुनी ओळखायचे आणि मोठ्यानं सांगायचे. ह्यांच्या बाजूला कोणी बसत नव्हतं. मी किती वेळा म्हटलं असेल, जरा गप बसा जी. देवानं ऐकलं ते नेमकं हेच.

मीही वाचायला शिकले ती ह्यांच्यामुळे. शाळा चौथीपर्यंत. मग हे बसस्टँडवरून खुनाची पातळ पुस्तकं आणत, जुनी, निम्म्या किमतीची. कधी शेवटची पानं नसायची. मी रडकुंडीला यायची आणि हे सांगायचे, खुनी कोण ते. न वाचता. पुढे तेच पुस्तक पुरं मिळालं तर तोच निघायचा.

२६ नोव्हेंबर

रोज दुपारी सिनेमा. शेजारची रुख्माही येते, तिचं धान चुरून, मळणी आटोपून घरात आलं आहे, तिला वेळ आहे. मी एक युक्ती केली. असल्या सिनेमात शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतात. ते बसले की मी बटण दाबून थांबवते आणि विचारते, कोण? रुख्मा नेहमी बाईवर जाते. नीतू नोकरावर. ह्यांनी डावा हात उचलला आणि बोट टीव्हीच्या काचेवर नेलं. काळ्या चष्म्याचा मुनीम. तोच निघाला.

डोकं शाबूत आहे. रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.

२ डिसेंबर

विचार करते, ह्यात असं काय आहे? खून झालेला असतो, पण आपल्याला रडू येत नाही. भाजी करपते तरी उठवत नाही. सिनेमा जुना, माणसं कधीची मेलेली, आणि रुख्मा हातातली शेंग तशीच धरून बसते.

मला वाटते, त्यात शेवटी कळते म्हणून. कोणी तरी एकानं केलेलं असते आणि तो सापडतो. घरातल्या गोष्टीत तसं नाही. ह्यांची नस कोणी फोडली? मिठाच्या मिरच्या मी वाढल्या. बीपीची गोळी ह्यांनी स्वतः बंद केली, बरं वाटते म्हणून. बिडी होतीच. टिकेश म्हणतो, मिलची धूळ. सगळ्यांना एका खोलीत बसवलं तरी कोणी उभं राहून सांगत नाही की हा घ्या खुनी. मग माणूस दुसऱ्याचा खुनी तरी सापडलेला पाहते.

५ डिसेंबर

गुंजननं विचारलं, "नाम लेके बुलाते हो ना आंटी?" मी हो म्हटलं. पुढ्यात हे बसले होते. माझ्याकडे पाहत होते. मी तोंड फिरवून चहा गाळायला गेले.

बोटानं खुनी दाखवतात, हे ऐकून ती खूश झाली. पण म्हणाली, बोट बंद करा. बोटानं काम भागलं तर जीभ कशाला मेहनत करील?

६ डिसेंबर

नियम केला. बोट नाही, नाव सांगायचं. नाव आल्याशिवाय पुढचा सिनेमा लागणार नाही. एकट्या ह्यांनाच नियम लावला तर माणसाचा अपमान होतो, म्हणून सगळ्यांना लावला. "तो मिशीवाला" नाही, "ती लाल साडीची" नाही, वकील नाही की नोकर नाही. नाव. रुख्मा म्हणाली, बाप्पा, ही तर शाळाच झाली.

ह्यांचा हात उचलला गेला. मी धरून खाली ठेवला. ओठ हलले, गळ्याची शीर फुगली, आवाज आला तो फक्त "ऊं". डोळ्यांत पाणी आलं आणि ह्यांनी डोळे मिटून घेतले. बाकीचा सिनेमा आम्ही तिघींनी पाहिला. कोणाचं लक्ष नव्हतं.

७ डिसेंबर

जेवले नाहीत. टीव्ही लावला तर डोळे मिटून बसले. टिकेश मला म्हणाला, आई, काऊन छळून राहिली त्यांना? बसू दे ना आरामानं. मी म्हटलं, आरामानं बसले तर होळीनंतरही असेच बसून राहतील, मग मला नको विचारू. बोलून गेले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

१५ डिसेंबर

पुन्हा बसायला लागले आहेत. नाव काही येत नाही. "ऊं" आणि "हं", बस.

नीतू आज काहीतरीच म्हणाली. म्हणे, "आई, बाबा टीव्ही पाहतच नाहीत. तुमच्याकडे पाहत राहतात. तुम्ही घाबरल्या की हसतात." मी म्हटलं, मान आखडली आहे त्यांची, डावीकडेच वळते, आणि मी डावीकडे बसते. उद्या गुंजनला मानेचा व्यायाम विचारायचा.

३० डिसेंबर

विशेष नाही. केशोराव येऊन बसतात, मिलच्या गोष्टी सांगतात, हे हं हं करतात. जाताना केशोराव माझ्याजवळ अंगणात म्हणाले, वहिनी, ह्या माणसाला गप पाहणं म्हणजे बंद मिल पाहणं आहे. त्यांच्यासाठी पिशवीत वालाच्या शेंगा दिल्या.

१४ जानेवारी

संक्रांत. बायका आल्या, तीळगूळ झाला. सगळ्या हळू बोलत होत्या. मेलेलं कोणी नाही घरात, मोठ्यानं बोला, असं सांगावं वाटलं.

२२ जानेवारी

आजचं नीट लिहिते, गुंजनला दाखवायचं आहे.

सिनेमा काळापांढरा होता. डोंगरावर एक बंगला, बाहेर धुकं, आत सात-आठ पाहुणे, आणि मालक बाथरूममध्ये मेलेला. एक माणूस मला पहिल्यापासून खटकत होता. कोटाच्या आत काहीतरी लपवून बाहेर जातो, येतो तेव्हा हात रिकामे. कोणी विचारलं तर खोकतो. मी म्हटलं, सापडला. आणि तेवढ्यात एका बाईनं त्याला हाक मारली, "मनोहर बाबू."

नाव ऐकून रुख्मानं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं न पाहिलं केलं.

सगळे दिवाणखान्यात जमले. मी थांबवलं. नीतूनं नोकराचं नाव सांगितलं, रुख्मानं विधवा बाईचं. माझी पाळी आली.

"सांगा ना, टिकेशची माय," रुख्मा म्हणाली.

मी म्हटलं, तो, कोटवाला.

"कोट तर सगळ्यांच्याच अंगात आहे. नाव. नियम तुमचाच."

मी म्हटलं, अगं, ह्यांच्या नावाचा.

"ह्यांच्या म्हणजे कोणाच्या? आम्हाला कसं समजावं?" आणि पदर तोंडाला लावून हसून राहिली. नीतूही हसली, मग सासरा बसला आहे म्हणून थांबली.

दुसरं कोणतंही नाव घेऊन सुटता आलं असतं. पण खुनी समोर दिसत असताना दुसऱ्याचं नाव घेणं माझ्यानं होत नाही. मी म्हटलं, मला नाही सांगायचं. रुख्मा म्हणाली, मग पुढचा सिनेमाही नाही. मी बसले तशीच, कान गरम झालेले. उठून जावं तर ह्यांना औषध द्यायची वेळ, आणि ते माझ्याकडे टक लावून पाहत होते, वाकड्या तोंडात हसू दाबल्यासारखे.

मग त्यांनी श्वास घेतला. मला वाटलं ठसका लागला. मी पाण्याचा गिलास उचलला.

"म," असं म्हणाले. थांबले. पुन्हा श्वास. "मनोहर."

पुरा शब्द. आवाज चिरका, पण आवाज ह्यांचाच. रुख्मा बसल्या जागी देवाला हात जोडायला लागली. नीतू रडली, टिकेशला फोन लावला, तो बँकेत बसून रडला असेल, आवाजावरून तसं वाटलं. गुंजनला फोनवर दाखवलं. ती म्हणाली अंकल, फिर से. पुन्हा म्हणाले, "मनोहर." ती टाळ्या वाजवत होती. शेजारीपाजारी आले, साखर वाटली. टीव्हीवर ती माणसं दिवाणखान्यात तशीच थांबलेली होती, मग नीतूनं बंद करून टाकला.

मी मनाशी हिशेब केला. स्वतःचं नाव स्वतः घेतलं तर आयुष्य तुटते, असं सासू काही म्हणाली नव्हती.

२३ जानेवारी

सिनेमाचा शेवट राहून गेला होता. हे झोपले होते तेव्हा नीतूच्या फोनवर स्वयंपाकघरात पाहिला, आवाज बारीक करून.

मनोहर नाही. खुनी डॉक्टर निघाला, तोच जो सगळ्यांची नाडी पाहत फिरत होता. मनोहर बिचारा कोटात दूध लपवून नेत होता, बाहेरच्या कुत्र्याला.

माझं चुकलं त्याचं काही नाही, माझं निम्म्या वेळा चुकते. ह्यांचं कसं चुकलं?

२५ जानेवारी

केशोराव पेढे घेऊन आले. कोणता सिनेमा म्हणून विचारलं. मी डोंगरावरचा बंगला सांगितला, बाथरूम सांगितलं, ते मांडी थोपटून हसायला लागले.

"अवो वहिनी, तो तर आम्ही लग्नाआधी टॉकीजमध्ये तीनदा पाहिला होता. तिसऱ्या वेळी मिस्त्रीनं बाहेर निघता निघता पुढच्या शोच्या लायनीत ओरडून सांगितलं, डॉक्टरनं मारला म्हणून. टॉकीजचा माणूस काठी घेऊन मागं लागला. माझी चप्पल राहिली तिथं."

हे ऐकत होते. हसत होते. मी उठून आत आले.

म्हणजे ह्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मनोहर म्हणाले. ज्या खुन्यापायी मार खाता खाता वाचले, तो विसरले. बोलणं येऊन राहिलं आणि आठवण जाऊन राहिली की काय? गुंजनला फोन केला. तिला सगळं सांगितलं, माझा नियम, रुख्माचं हसणं, मी कशी अडकले ते. ती म्हणाली, आंटी, त्यांची आठवण ठीक आहे. मी म्हटलं, मग चुकलं काऊन? ती म्हणाली, तुम्हीच विचारा त्यांना.

आजकालची पोरं. डॉक्टरकी शिकून आम्हालाच विचारायला सांगतात.

आणि मग मी तिला खरं सांगितलं, की इतके दिवस नावानं हाक मारते म्हटलं ती मारली नाही. एकदाही नाही. ती रागावली नाही.

२८ जानेवारी

"मनोहर"पुढे शब्द नाही. आंबा नाही, पाणी नाही. काही विचारलं की तेच एक नाव सांगतात, आणि मग स्वतःलाच राग येतो.

औषध अर्धं दिलं तर रोग जात नाही, उलट घट्ट होतो. हे मला कळते. मिरच्या वाढताना कळलं नव्हतं, आता कळते. होळी काही थांबणार नाही. आणि सासू जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तिला विचारता येत नाही.

३१ जानेवारी

नीतू आज माहेरी गेली. रुख्मा उद्याच्या कचारगडच्या जत्रेला निघाली आहे, तिला नारळ दिला आमच्या नावाचा. टिकेश देवरीला. दुपारी घरात आम्ही दोघंच.

हे अंगणात उन्हात बसले होते, पाठ माझ्याकडे. मी दाराची चौकट धरली. आधी मनात म्हणून पाहिलं. पाठ असलेलीच बरी, असं वाटलं, तोंडाकडे पाहून झालंच नसतं. मग म्हटलं.

"मनोहरलालजी."

"जी" आपोआप लागलं. ह्यांनी मान वळवली. उजवीकडे वळवली, जिकडे ती वळत नाही असं मी समजत होते.

"काय वो," म्हणाले.

जसं लग्नापासून म्हणत आले तसंच. शोधून आणलेलं नाही, ओठांवर ठेवलेलं असल्यासारखं. कशाला हाक मारली ते सांगायला हवं म्हणून तोंडात आलं ते विचारलं.

"त्या बंगल्याच्या सिनेमात खुनी कोण होता जी?"

शेवट ह्यांनी त्या दिवशी पाहिला नव्हता. मीही सांगितला नव्हता, केशोरावांच्या तोंडून निघाला तोही सहा दिवसांपूर्वी, हसण्याच्या भरात. मी ह्यांच्या ओठांकडे पाहत राहिले. खालचा ओठ दातांत धरला, सोडला.

"डाक्टर," म्हणाले. मग डाव्या हाताचं बोट उचलून स्वतःच्या छातीवर टेकवलं, मान हलवली, नाही नाही अशी, आणि हसले. "मनोहर... नाही."

मग त्या दिवशी तसं कायले म्हटलं, ते विचारणार होते. विचारलं नाही. आत जाऊन चहा ठेवला. दूध उतू गेलं.